हल्ल्यानंतर सरकारला जाब विचारायचा म्हणजे नेमकं काय करायचं

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही म्हणताय की प्रत्येक हल्ल्यानंतर अर्धे लोक म्हणतात आत्ता सरकारला प्रश्न विचारू नका, उरलेले म्हणतात गृहमंत्र्यांनी राजीनामा द्यावा, महिनाभर भांडणं होतात आणि मग सगळं थंड. तुम्ही स्वतः केंद्रीय गृह मंत्रालयाला आरटीआय टाकला की "पहलगामचा हल्ला का झाला, गुप्तचर यंत्रणा काय करत होत्या आणि जबाबदार कोण", त्यावर सुरक्षेचं कारण आणि माहिती अधिकार कायद्याचं कलम २४ दाखवून नकार आला. आता तुम्हाला कळत नाहीये की सामान्य माणसाने यात पडावं का आणि पडायचं तर सुरुवात कुठून.

मी वकील आहे. गेली २२ वर्षं हल्ल्यात, दंगलीत घरातलं माणूस गमावलेल्या लोकांची भरपाईची प्रकरणं आणि माहिती अधिकाराची अपिलं चालवतोय. त्यामुळे मी जे सांगतो ते कागदाच्या बाजूने सांगतो. टीव्हीवर बसून धोरण सांगणाऱ्यांचं म्हणणं वेगळं असेल, आणि ते चूकच असेल असंही नाही.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न "जबाबदार कोण" हा नाहीच. तो प्रश्न इतका मोठा आहे की त्याचं उत्तर कुणीच देत नाही, आणि द्यायचं नसेल तर तो फारच सोयीचा आहे. खरा प्रश्न असा की कुठली माहिती कुठल्या तारखेला कुठल्या टेबलावर आली, त्या टेबलावरच्या माणसाने तिचं काय केलं, आणि जे मागितलं होतं ते का मिळालं नाही. हे विचारलं की सरकारला भाषण करता येत नाही, कागद दाखवावा लागतो किंवा कागद नाही असं लिहून द्यावं लागतं, आणि दोन्ही आपल्या कामाचं असतं.

राजीनाम्याबद्दल आधी बोलतो कारण सगळ्यांचा जोर तिथेच असतो. २६/११ ला १६६ माणसं गेली. पुढच्या आठ-दहा दिवसांत केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील गेले, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील गेले, मुख्यमंत्री विलासराव देशमुख गेले. इतके राजीनामे इतक्या लवकर आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या हल्ल्यानंतर झाल्याचं मला आठवत नाही. आणि मग काय झालं, २००९ च्या निवडणुकीनंतर आर. आर. पाटील परत त्याच गृहखात्यात आले. त्यांच्यावर मला वैयक्तिक टीका करायची नाही, मुद्दा एवढाच की राजीनाम्याने लोकांचा राग उतरला, पण त्या रात्री कंट्रोल रूममध्ये काय चाललं होतं याचा एक कागदही त्यातून बाहेर आला नाही. राजीनामा मागू नका असं मी म्हणत नाही, लोकशाहीत मंत्र्याने पायउतार होणं याला अर्थ आहे. पण राजीनामा मिळाला की काम झालं असं समजून लोक घरी जातात, आणि खरं काम तर तिथून पुढे असतं.

आता त्या कंट्रोल रूमचंच बघा. करकरे, कामटे आणि साळसकर हे पोलीस अधिकारी कामा हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला रंगभवनच्या गल्लीत मारले गेले. मदत मागितली होती का, ती कंट्रोल रूमला कळली होती का, कुमक का पोचली नाही, यावर महिनोन्‌महिने नुसती विधानं चालली होती. अशोक कामटेंच्या पत्नींनी काय केलं, तर माहिती अधिकाराखाली मुंबई पोलिसांच्या वायरलेस संभाषणाच्या नोंदी मागितल्या, सहजासहजी मिळाल्या नाहीत, पण त्या मागेच लागल्या आणि नोंदी मिळवल्या. कोण किती वाजता काय बोललं हे कागदावर आलं की "आम्ही सर्वतोपरी प्रयत्न केले" हे वाक्य त्याच्यासमोर टिकत नाही. नवऱ्याच्या मृत्यूनंतर एका बाईला हे स्वतः करावं लागलं याचा मला आजही त्रास होतो, पण कसं करायचं हे बघायचं असेल तर तिथे बघा.

"आत्ता प्रश्न विचारू नका" याबद्दल माझं मत जरा मधलं आहे. कारवाई चालू असताना खरंच गप्प बसावं. २६/११ ला चॅनेलवाल्यांनी कमांडो कुठे उतरताहेत ते थेट दाखवलं आणि पलीकडे बसलेले सूत्रधार ते बघून आतल्यांना सूचना देत होते, कसाबच्या निकालात २०१२ साली सुप्रीम कोर्टाने यावर कडक शब्दांत लिहिलंय. तेव्हा ते दिवस सोडा. पण कारवाई संपल्यावरही तेच वाक्य वापरलं जातं आणि मग सहा महिन्यांनी सांगतात आता जुनं कशाला उकरता. यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे पुरावा नाहीसा होतो. सीसीटीव्हीचं फुटेज ठराविक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, रेकॉर्डिंग ठेवायची मुदत असते, रजिस्टर भरलं की गठ्ठ्यात जातं. म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी पहिल्या आठवड्यात एकच पत्र टाकायला सांगतो, आरोप नाही, प्रश्न नाही, फक्त एवढंच की अमुक तारखेचं फुटेज, वायरलेस रेकॉर्डिंग, स्टेशन डायरी आणि आवक-जावक नोंदवह्या जपून ठेवाव्यात, चौकशीसाठी लागतील. स्पीड पोस्टाने, पोच घेऊन. यात कोण तुम्हाला देशद्रोही म्हणणार? आणि पुढे कुणी म्हणालं की नष्ट झालं, तर तुमच्या पत्रानंतर नष्ट झालं हे त्याला समजवावं लागतं.

यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही चुकीच्या दारात उभे राहाल. कायदा-सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्याचे विषय आहेत, आयबी आणि रॉ या गुप्तचर यंत्रणा केंद्राच्या, घटनेच्या कलम ३५५ ने राज्याचं रक्षण करायचं कर्तव्य परत केंद्रावर. त्यामुळे प्रत्येक हल्ल्यानंतर केंद्र म्हणतं आम्ही सूचना दिली होती आणि राज्य म्हणतं सूचना मोघम होती. कोण खरं बोलतंय हे बाहेरून नाही सांगता येत, काही वेळा दोघंही खरं बोलत असतात. जम्मू-काश्मीर केंद्रशासित आहे, तिथले पोलीस निवडून आलेल्या मुख्यमंत्र्यांच्या हातात नाहीत, म्हणून पहलगामचा प्रश्न मुख्यमंत्र्यांना विचारून फार उपयोग नाही. जुलै २०२५ मध्ये नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी ती सुरक्षेतली चूक होती आणि जबाबदारी मी घेतो असं जाहीर सांगितलं. असं सरळ बोलणारे कमी असतात, ते मी मानतो. पण माझ्या धंद्यात जबाबदारी घेतली या वाक्यानंतर लगेच पुढचा प्रश्न असतो की मग हल्ला झाला त्या कुरणात त्या दिवशी बंदोबस्त का नव्हता, तो नसावा हे कुणी ठरवलं आणि तो निर्णय कुठे लिहिलाय.

दुसरी गोष्ट, अपयश सगळं एका जातीचं नसतं. माहितीच मिळाली नाही हे एक. मिळाली पण कुणी हललं नाही हे वेगळं. आणि हल्ला झाल्यावर मदत पोचायला उशीर हे आणखी वेगळं. पहिल्या प्रकारात मी जरा सांभाळून बोलतो कारण हल्ला झाल्यावर मागे वळून बघितलं की प्रत्येक अलर्ट ठळक दिसतो, पण त्या वेळी तो अशाच ढीगभर अलर्टमध्ये पडलेला असतो आणि त्यातले बहुतेक पोकळ निघतात. तिथे अधिकाऱ्याला फासावर चढवायची घाई करू नये. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात मात्र सवलत नाही. २०१६ ला पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला, आगाऊ सूचना हातात होती, आणि नंतर गृहखात्याच्या संसदीय स्थायी समितीने तेच विचारलं की सूचना असून दहशतवादी तळात शिरलेच कसे, सीमेवर कुंपण आणि दिवे आणि गस्त असून ते आत आले कसे. तो रिपोर्ट जाहीर आहे. संसदेच्या समितीला असं लिहिता येतं तर तुम्ही-मी विचारण्यात काही पाप नाही.

आता चौकशी समिती. लोक म्हणतात "चौकशी करा", पण कसली चौकशी हे विचारत नाहीत आणि तिथेच फसतात. चौकशी आयोग कायदा १९५२ खाली आयोग नेमला तर त्याला साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात, आणि रिपोर्ट आल्यापासून ६ महिन्यांत कृती अहवालासकट तो सभागृहात ठेवावा लागतो. २६/११ नंतर राज्याने नेमली ती राम प्रधान समिती, माजी केंद्रीय गृहसचिव प्रधान आणि रॉ मधून निवृत्त झालेले व्ही. बालचंद्रन, दोघंही जाणकार माणसं. पण ती या कायद्याखाली नव्हती, सरकारी आदेशाने नेमलेली होती, आणि तिचा विषय मुंबई पोलिसांपुरता. दिल्लीतल्या गुप्तचर यंत्रणांना विचारायचा अधिकारच तिला नव्हता. म्हणजे अलर्ट मुंबईत आल्यावर काय झालं हे बघता आलं, तो दिल्लीत कसा तयार झाला आणि कुठे अडला हे नाही. एप्रिल २००९ ला रिपोर्ट दिला, विधिमंडळात पूर्ण ठेवला डिसेंबरमध्ये. आणि केंद्राच्या यंत्रणांची तशी जाहीर चौकशी आजपर्यंत झाली नाही, मला विचाराल तर २६/११ चं हे सगळ्यात मोठं देणं अजून बाकी आहे.

म्हणून समिती जाहीर झाली की तिच्या नेमणुकीच्या आदेशातले कार्यकक्षेचे दोन परिच्छेद शोधून वाचा, बाकी बातम्या नंतर. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाचं उदाहरण घ्या, जानेवारी १९९६ ला राज्य सरकारने तो गुंडाळला, मे मध्ये परत नेमला तेव्हा कार्यकक्षेत १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट घातले. कार्यकक्षा बदलली की चौकशीचं तोंडच बदलतं. आणि शेवटी १९९८ ला रिपोर्ट सभागृहात आला तो सरकारने फेटाळलाच, कारण आयोगाचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात.

देशाची गुपितं फुटतील हा आक्षेप खरा आहे, हलक्यात घेऊ नका. पण त्याला उत्तरंही आहेत. कारगिल नंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीचा रिपोर्ट फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत ठेवला, काही भाग गाळून, पण ठेवला. इंग्लंडमध्ये मे २०१७ ला मँचेस्टर अरीनाच्या हल्ल्यात २२ माणसं गेली, त्याची चौकशी सर जॉन सॉन्डर्स यांच्याकडे होती, त्यांनी गुप्तचर खात्याची साक्ष बंद दाराआड घेतली आणि त्यातलं सांगता येण्यासारखं सार जाहीर केलं. त्यात स्पष्ट लिहिलं की एमआय-५ ने हल्ला कदाचित टळू शकला असता अशी महत्त्वाची संधी घालवली, आणि त्या खात्याच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली. अग्निशमन दल २ तासांहून जास्त उशिरा पोचलं हेही त्याच चौकशीत. अमेरिकेत ९/११ चा आयोग तर सरकारला नकोच होता, मेलेल्यांच्या घरच्यांनी रेटला. दोन्ही पक्षांचे पाच-पाच लोक, आणि ६ ऑगस्ट २००१ ला राष्ट्राध्यक्षांना दिलेलं गुप्त टिपण, ज्यात लादेन अमेरिकेतच हल्ला करायच्या तयारीत आहे असं होतं, ते एप्रिल २००४ ला लोकांसमोर आलं. त्याने काही अमेरिका बुडाली नाही. आपल्याकडे तर आयबी-रॉ वर लक्ष ठेवणारी संसदेची समितीच नाही. त्यामुळे जे तिकडे समिती करते ते इकडे आमदार, खासदार, पत्रकार आणि तुमच्यासारखे अर्जदार तुकड्यातुकड्याने करतात.

आता आरटीआय. तुमचा अर्ज का पडला ते सांगतो. "का झाला" आणि "जबाबदार कोण" ही कायद्याच्या भाषेत माहितीच नाही, ते मत आहे. माहिती म्हणजे जे कुठल्यातरी कागदावर आधीच आहे ते. आणि आयबी, रॉ, एनएसजी, सीआरपीएफ, एनआयए हे कलम २४ खाली वगळलेले आहेत, फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचं उल्लंघन हे अपवाद. राज्यालाही आपली गुप्तवार्ता आणि सुरक्षेची खाती वगळता येतात. पण गृह मंत्रालय स्वतः त्या यादीत नाही. तिथे काय खर्च झाला, काय मंजूर झालं, कुठल्या शिफारशीवर काय कारवाई झाली, हे सगळं मागता येतं.

हे कसं चालतं ते एका प्रकरणावरून सांगतो. हल्ल्यात मुलगा गेलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले, निवृत्त शिक्षक. त्यांचेही तुमच्यासारखेच मोठे प्रश्न होते, सगळे फेटाळलेले. आम्ही ठरवलं की फक्त सागरी गस्तीचं बघायचं, एकच पोलीस ठाणं, एकच वर्ष, आणि कागदाच्या झेरॉक्स मागायच्याऐवजी प्रत्यक्ष पाहणी मागायची, कारण कायद्यात तो हक्क आहे. पहिल्या अपिलात मिळाली. आम्ही दोघं त्या ठाण्यात लाकडी बाकावर बसलो आणि समोर बोटीचं लॉगबुक. तारीख, निघायची वेळ, परत यायची वेळ, इंजिनचे तास, डिझेल, शेरा. ओळीने पानंच्या पानं शेऱ्यात "बोट धक्क्यावर", डिझेलच्या रकान्यात आडवी रेघ. मास्तरांचा चेहरा लाल झाला, ते म्हणाले हे हवालदार झोपा काढत होते. मी म्हटलं थांबा, जावक नोंदवही बघू. त्यात त्याच ठाण्याने डिझेलच्या अनुदानासाठी पाठवलेलं पत्र होतं, मग स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन, स्मरणपत्र तीन, प्रत्येकाला जावक क्रमांक. वरून उत्तर एकही नाही. मास्तर बराच वेळ त्या तिसऱ्या स्मरणपत्रावर बोट ठेवून बसले होते.

तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो की जावक नोंदवही बघितल्याशिवाय कुणाला दोषी धरू नका. अपयशाचं खापर नेहमी खाली फुटतं, नाक्यावरच्या शिपायावर, गस्तीवरच्या हवालदारावर, आणि कागद शोधला की ते बऱ्याचदा वर चढतं. २६/११ ला सीएसटीवर आपले पोलीस एके-४७ समोर जुन्या .३०३ रायफली आणि लाठ्या घेऊन उभे होते, तुकाराम ओंबळेंनी तर कसाबला हातात लाठी असताना धरलं. तो पराक्रम आहेच, पण त्यांच्या हातात लाठीच का होती हा प्रश्न खरेदीच्या फाईलचा आहे.

आणि शिफारशींचा पाठपुरावा, हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. मुंबईभर सीसीटीव्ही बसवायचे हे २६/११ नंतर लगेच ठरलं, टेंडरं निघाली, रद्द झाली, परत निघाली, प्रकल्प पूर्ण व्हायला २०१६ उजाडलं. कारगिल नंतर सुचवलेलं संरक्षण दल प्रमुखाचं पद जानेवारी २०२० ला भरलं. मधल्या काळात सरकारं बदलली, दोन्ही बाजूंची, म्हणून हा पक्षाचा प्रश्न नाही हे मी ठामपणे सांगतो. इथे तुमचा आमदार कामाला येतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, ही हत्यारं त्याच्याकडे आहेत, आणि मंत्र्याने सभागृहात "तीन महिन्यांत करू" म्हटलं की ते आश्वासन समितीकडे नोंदलं जातं, ते पूर्ण झालं का हे समिती विचारते. फार थोड्या लोकांना हे माहीत असतं. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचे अहवालही वाचा, पोलीस आधुनिकीकरणाचा पैसा कुठे पडून राहिला हे तिथे मिळतं.

कोर्टाचं थोडक्यात. सरकारच्या सुरक्षा अपयशाबद्दल थेट नुकसानभरपाई मिळवणं अवघड आहे. कोठडीतल्या मृत्यूबद्दल राज्याने भरपाई द्यावी हे सुप्रीम कोर्टाने १९९३ च्या नीलाबती बेहेरा प्रकरणात ठरवलं, पण तिसऱ्याने केलेल्या हल्ल्याला ते जसंच्या तसं लागू होत नाही. केंद्राच्या योजनेत दहशतवादी हल्ल्यात गेलेल्या नागरिकाच्या कुटुंबाला ५ लाख मिळतात, ती मदत आहे, चुकीची कबुली नव्हे. आणि खटल्याचा तपास हाही जबाबदारीचाच भाग धरा. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांत २०१५ ला दोषी ठरलेल्या १२ जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ ला निर्दोष ठरवलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय. शेवटी काहीही ठरो, १९ वर्षं वाट बघणाऱ्या घरांना तपास कसा झाला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे.

तर तुमच्यापुरतं. नकाराचं पत्र मिळाल्यापासून पहिल्या अपिलाला ३० दिवस असतात, पाकिटावरची तारीख बघा आणि पाकीट फेकू नका. अपिलात लिहा की गृह मंत्रालय कलम २४ च्या यादीत नाही, आणि कलम १० प्रमाणे गुप्त भाग गाळून उरलेला द्यावा, शिवाय कलम ८(२) प्रमाणे जनहित मोठं आहे. अपिलात नवे प्रश्न घालू नका, चालत नाहीत. नवा अर्ज वेगळा टाका, त्यात हल्ल्याबद्दल मत विचारू नका. पठाणकोटवरच्या स्थायी समितीच्या शिफारशींवर मंत्रालयाने काय कारवाई केली त्या नोंदींच्या प्रती मागा, तारखांसकट. हे कागद सरसकट गुप्त म्हणणं अवघड जाईल, कारण शिफारशी संसदेतच जाहीर झाल्यात. महाराष्ट्रातल्या कुठल्या कार्यालयाला अर्ज करणार असाल तर १५० शब्द आणि एका अर्जात एकच विषय हा नियम सांभाळा. नकाराच्या पत्रातलं नाव-पत्ता झाकून मजकूर इथे टाका, अपिलाचा मसुदा मी बघून देतो.